डीएमनं कोणाला विचारायचं? शनिवारच्या डावाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही कॉलेजपासूनचे सहा जण, आता कोणी अंबडला कंपनीत, कोणी घरून काम करतं, पण शनिवारी रात्री इंदिरानगरला एकाच्या फ्लॅटवर जमतो आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. डीएम मी, म्हणजे गोष्ट चालवणारा. प्रॉब्लेम असाय की एक मित्र प्रत्येक सीनमध्ये पुढे, दार त्यानेच उघडायचं, राजाशी त्यानेच बोलायचं, आणि एक मैत्रीण पूर्ण वेळ फक्त सांगितलं की फासा टाकते. विचारलं तर म्हणते "मला मजा येते, तुम्ही खेळा". त्यात मी आठवडाभर खपून स्टोरी लिहितो आणि मंडळी भलतीकडेच जातात. गेल्या वेळी लढाई चालू असताना दोघं उठून घरी गेले. बंद करू का सगळं?
– एक डीएम, इंदिरानगर

उत्तर: बंद करू नकोस रे. नोकरीला लागल्यावर सहा जण दर शनिवारी एका टेबलाभोवती बसतायत, ही साधी गोष्ट नाहीये, ती जपायलाच पाहिजे.

आधी मैत्रिणीचं. तू बहुतेक सीन सांगून झाला की सगळ्यांकडे बघून विचारत असशील, "मग काय करताय तुम्ही?" असा मोकळा सोडलेला प्रश्न दर वेळी सगळ्यात पटकन बोलणाराच उचलतो, त्यात त्या मित्राचा फार दोष नाही. तू नाव घेऊन विचार. आणि नुसतं "तू काय करतेस" नको, तिच्या कॅरेक्टरलाच जमेल असं काहीतरी तिच्यासमोर ठेव. समजा ती वैदू खेळतेय. भुयारात एक जखमी पहारेकरी पडलाय, ओठ निळे पडलेत, आणि तू तिला म्हणालास, "हा रंग तू आधी कुठेतरी बघितलायस, कुठे?" आणि मग गप्प बस. खरंच गप्प बस, दहा सेकंद शांतता झाली तरी चालेल, मित्राने तोंड उघडलं तर हात करून थांबव. ती जे काही सांगेल, "आमच्या गावात एकाला असंच झालं होतं, विहिरीचं पाणी पिऊन", ते त्या क्षणापासून गोष्टीत खरं. आता त्या विहिरीचा शोध हा तिचा झाला, तो कोणी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. मात्र तिने आवाज बदलून अ‍ॅक्टिंग करावी असा आग्रह धरू नकोस. "मी त्याला विचारते की पाणी कुठलं प्यायलास" एवढं म्हटलं तरी ते रोलप्लेच, म्हणजे पात्र होऊन खेळणंच आहे. काही लोकांना शांतपणे बघायलाच आवडतं आणि ती तशी असेल तर असू दे, पण निदान दार तिच्यासाठी उघडं तरी पाहिजे ना.

मित्राला सगळ्यांसमोर टोकू नकोस. बाजूला घे, चहाला ने, आणि नियमातलीच एक गोष्ट दाखव. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्याला मदत करता येते, आणि ज्याला मदत मिळाली तो अ‍ॅडव्हान्टेजने टाकतो, म्हणजे डी२०, वीस बाजूंचा फासा, दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. हिशोब बघ, मध्यम अवघड काम म्हणजे १५ गाठायचे, बोनस ३ असेल तर फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत, शक्यता ४५ टक्के. मदत मिळाली की तीच जवळजवळ ७० टक्के. असा उत्साही माणूस जिंकायला बघत असतो, त्याला हे कळलं की तो स्वतःहून म्हणायला लागतो "थांब, कुलूप तूच बघ, मी दिवा धरतो". त्याचा जोर मारायचा नाहीये, फक्त वळवायचाय.

आता स्टोरीचं. मी हे अगदी कळकळीने सांगते, स्टोरी लिहू नकोस. परिस्थिती लिही. आपल्या इथलंच घे, नाशिकजवळ पेठ रोडकडून दिसणारा आशेवाडीचा रामशेज किल्ला. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला आणि हा छोटासा किल्ला कित्येक वर्षं हाती लागला नाही, गडावर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा करून कातड्यानं मढवल्या असं सांगतात. आता तुझ्या वहीत एवढंच लिही: गडावर धान्य किती उरलंय, किल्लेदाराला काय पाहिजे, खाली छावणीतल्या सरदाराला कशाची घाई झालीय, आणि गडावरचा कोण फितूर व्हायच्या बेतात आहे. आणि शेवटी एक ओळ, कोणीच काही केलं नाही तर चार दिवसांनी काय होईल. बस. मग ते रात्री दोर टाकून खाली उतरू देत, नाहीतर सरदाराशी बोलणी करू देत, तुझं काहीच वाया जात नाही, कारण त्यांनी कुठल्या वाटेनं जायचं ते तू ठरवलेलंच नव्हतं.

उठून गेलेल्या दोघांना सरळ विचार, बाकी माझा अंदाज लढाईवर आहे. गोष्टीत एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा, पण टेबलावर पाच प्लेअर, वर तुझे शत्रू, आणि प्रत्येक जण आपली पाळी आल्यावर कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, वाचायला घेणार, तर त्या सहा सेकंदांना पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि बाकीचे मोबाइल काढतात. पाळी देताना "आता तू, नंतर ती, तयार राहा" असं बोलत जा. शत्रू निम्मे पडले की उरलेल्यांना पळू दे किंवा शरण येऊ दे. संपायची वेळही आधीच ठरवा, लांब राहणाऱ्याला रात्री एकटं गाडीवर जायचं असतं.

आणि नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक शनिवार चालणारी गोष्ट, चालू करायच्या आधी एक सेशन झीरो घ्या, फासे न टाकता. काय खेळायला आवडेल, कुठला विषय टेबलावर नकोच, हे तेव्हाच मोकळेपणी बोलून घ्या.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. रविवारी मित्र येतात, दार लावून फासे टाकतात, "मेला मेला" असा आरडाओरडा चालतो. हा जुगाराचा प्रकार आहे का? काळजी वाटते.
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर: काळजी वाटणं साहजिक आहे, फासे म्हटलं की आपल्याला आधी महाभारतातला द्यूतच आठवतो. पण हा बहुतेक वरचाच डंजन्स अँड ड्रॅगन्स दिसतोय, यात पैसे लावत नाहीत, आणि एक जण जिंकला बाकीचे हरले असंही नसतं, सगळे मिळून एकच गोष्ट पुढे नेतात आणि एखादं काम जमलं की फसलं एवढंच फाशावर ठरतं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला, आज नवशिक्यांसाठीच्या डब्यावर १२ वर्षं आणि पुढे असं वय लिहिलेलं असतं. "मेला" म्हणजे गोष्टीतलं पात्र मेलं. तुम्ही एकदा अर्धा तास आत जाऊन बसाच, आणि नंतर मुलाला विचारा, तुझं पात्र कोण आहे, ते कशाला घाबरतं? अकरावीतला मुलगा आईशी एरवी इतकं बोलत नाही. अभ्यासाची वेळ मात्र ठरवून घ्या, हा खेळ चार-चार तास चालतो हे खरंय.

प्रश्न: आम्हाला डंजन्स अँड ड्रॅगन्स चालू करायचंय पण पुस्तकं आणि फासे महाग पडतायत, काही जुगाड?
– तिघे मित्र, सातपूर

उत्तर: आहे ना. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट आहेत, सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट नावाने शोधा, खेळायला तेवढे पुरतात. फाशांसाठी घरातला हाऊजीचा डबा काढा. १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत घातल्या की झाला डी२०, १ ते ८ घातल्या की डी८, आणि साधा सहाचा फासा लुडोतला. फक्त काढलेली सोंगटी लगेच परत पिशवीत टाकून हलवायची, नाहीतर पुढच्याची शक्यता बदलते.