वीज कमी खाणारं लाइटिंग आणि स्थानिक मटेरियल, दोन्ही एकाच इमारतीत कसं जमवायचं?

तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत, लाइटची वीज कशी वाचवायची आणि स्थानिक मटेरियल कुठे वापरायचं, पण माझ्या मते हा प्रश्न एकच आहे, कारण खोलीला किती दिवे लागणार ते आधी भिंत ठरवते.

मी आर्किटेक्ट आहे. सुरुवातीच्या एका कामात आम्ही जवळच्या खाणीतला काळा दगड आतूनही उघडाच ठेवला, दिसायला फार देखणा, पण भर दुपारी लाइट लावावे लागायचे. दिवे वाढवले तरी खोली अंधारीच. मग एकदा मी दगडावर पांढरा कागद धरून बघितला, कागद लख्ख उजळला आणि दगड होता तसाच काळा, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला! पांढरा चुना त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण 70 ते 80 टक्के परत फेकतो, लाल वीट 20-30 टक्के आणि काळा दगड त्याहून कमी. शेवटी दगड कमरेपर्यंतच ठेवला, वरची भिंत आणि छत चुन्याने पांढरं केलं आणि वाढवलेले सगळे दिवे उतरवले.

खिडकीचं पण तसंच. दगडामातीची भिंत जाड असते, त्यात सरळ भोक पाडलं की बोगदा होतो, म्हणून खिडकीच्या बाजू आतून तिरक्या, पसरट ठेवायला सांगा. खिडकीची वरची कड जितकी उंच त्याच्या साधारण दुप्पट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो, म्हणजे कड 2.1 मीटरवर असेल तर चारेक मीटर, त्यापुढे दिवेच. विटांची जाळी, केरळात काम केलेले आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या कामात दिसते तशी, हवेला उत्तम आणि कडक ऊनही गाळते, पण उजेड बराच कमी करते, त्यामुळे ती जिन्याला किंवा पश्चिमेला द्या, अभ्यासाच्या खोलीला नको.

हे सगळं झाल्यावर दिवे. वॅट, म्हणजे दिवा किती वीज खातो, ते बघू नका, लुमेन, म्हणजे तो एकूण किती उजेड देतो, ते बघा, जुना बल्ब एका वॅटला 10-15 लुमेन द्यायचा, चांगला एलईडी 100 च्या वर देतो. जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन), पॅसेजला 100 लक्स पुरतात, वाचायला 300 लागतात पण ते टेबलावर, अख्ख्या खोलीत नाही, म्हणून टेबलाला वेगळा दिवा. आणि खिडकीलगतच्या दिव्यांना स्वतंत्र स्विच, हे वायरिंगच्या आधीच सांगा नाहीतर भिंत फोडावी लागते.

भिंतीचं मटेरियल फायनल करण्याआधी गवंड्याकडून मीटरभर नमुना बांधून घ्या आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली असा तीनदा बघा.