नाशिक जिल्ह्यातील किल्ल्यांवर मराठीत ब्लॉग लिहितो, पण तो शोधून कुणाला सापडत नाही. स्वतःचे संकेतस्थळ करावे की आहे तेच सुधारावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: आपण नाशिकमध्ये राहता, जिल्ह्यातील किल्ले आणि जुनी देवळे यांवर गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेच्या मोफत जागेत काही लेख लिहिले आहेत, संगणकाची माहिती बेताची आहे, आणि आता वेगळे संकेतस्थळ करावे का, त्याला खर्च किती येईल, लेख शोधात का येत नाहीत आणि पुढेमागे काही मिळकत होईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मीही नाशिकचाच असून गोदाकाठच्या वाड्यांविषयी असेच एक छोटे संकेतस्थळ चालवतो. माझे मत आधीच सांगतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते पत्त्यावर करावेत, सजावटीवर नव्हे. आणि नव्या लेखांना जितका वेळ देता तितकाच जुन्या लेखांच्या दुरुस्तीला द्यावा.

पत्ता म्हणजे डोमेन, ब्राउझरमध्ये लिहिले की आपले संकेतस्थळ उघडणारे नाव. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने ती घेतली आणि ती आजही मोफत चालू आहे, त्यामुळे ती उद्याच बंद पडेल अशी भीती घालण्याचा माझा हेतू नाही. तरीही मोफत पाने देणारी जिओसिटीज ही सेवा जपान वगळता सर्वत्र २००९ मध्ये बंद झाली, गूगल प्लस हे समाजमाध्यम २०१९ मध्ये गेले, आणि तिथे लिहिणाऱ्यांनी लोकांना दिलेले सगळे दुवे एका दिवसात निकामी झाले. स्वतःच्या मालकीचे डोमेन घेऊन ते ब्लॉगरला जोडता येते आणि त्यासाठी ब्लॉगर वेगळे पैसे घेत नाही. लेख आहेत तिथेच राहतात, वाचकाला मात्र आपला पत्ता दिसतो. उद्या वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेवर जावेसे वाटले तर लेख हलतील, पण डोमेन तेच राहील.

डोमेनचा वार्षिक खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतो. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर किती आहे ते आधी पाहावे. नाव लहान असावे आणि फोनवर सांगितले तर ऐकणाऱ्याला न अडखळता लिहिता यावे. ‘नाशिक’ रोमन लिपीत लोक दोन प्रकारे लिहितात, म्हणून शहराचे नाव पत्त्यात नसलेलेच बरे. देवनागरीतील ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून मिळते आणि दिसायला ते फार गोड दिसते, परंतु अनेक ठिकाणचे अर्ज आणि ईमेल यंत्रणा ते अजून नीट स्वीकारत नाहीत, म्हणून घ्यायचे तर हौसेने दुसरे म्हणून घ्यावे. एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी: नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतः पैसे भरून करावी. वेबसाइट बनवून देणारे पुष्कळदा डोमेन स्वतःच्याच खात्यात नोंदवतात, आणि पुढे त्यांच्याशी बिनसले किंवा त्यांनी व्यवसाय सोडला की दुकानदारांना स्वतःच्याच नावासाठी त्यांची मनधरणी करावी लागते.

वर्डप्रेसबद्दल थोडक्यात सांगतो. या नावाने दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार जागा, जिच्या मोफत योजनेत स्वतःचे डोमेन जोडता येत नाही आणि आपल्या पानांवर त्यांच्या जाहिराती दिसू शकतात. दुसरी म्हणजे २००३ पासून विकसित होत असलेली मोफत आज्ञावली (सॉफ्टवेअर), जी आपण होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा, घेऊन त्यावर बसवतो. दुसऱ्या मार्गात स्वातंत्र्य खूप आहे, पण अद्ययावतीकरण, पासवर्ड, बॅकअप आणि प्लगिनची, म्हणजे वरून बसवलेल्या पूरक आज्ञावलींची, निगा ही सर्व जबाबदारी आपल्यावर येते, आणि होस्टिंगचा दर पहिल्या मुदतीनंतर कित्येकदा दुपटीने वाढतो. आपल्या वर्णनावरून पहिले वर्ष तरी ब्लॉगर आणि स्वतःचे डोमेन एवढेच आपल्याला पुरेल असे मला वाटते.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण मराठीत लिहिणाऱ्याच्या अडचणी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाहीत. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत लिहिले की यंत्रणा त्या लेखाच्या पत्त्यात शीर्षक न घेता नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा घालते. त्यामुळे साल्हेर किल्ल्यावरचा लेख आणि गोंदेश्वर मंदिरावरचा लेख पत्त्यावरून ओळखूच येत नाहीत, आणि व्हॉट्सॲपवर दुवा पाहणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज येत नाही. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडील पर्मालिंकच्या (लेखाच्या कायम पत्त्याच्या) चौकटीत जाऊन रोमन अक्षरांत, मध्ये जोडरेघ देऊन, दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहावा. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलायचा असेल तर तो आधी मसुद्यात परत घ्यावा लागतो, आणि जुना दुवा तुटू नये म्हणून सेटिंगमधून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करावी लागते. म्हणून हे काम लेख थोडे असतानाच उरकून घ्यावे. वर्डप्रेसमध्ये याच्या उलट अडचण येते. तिथे देवनागरी शीर्षक पत्त्यात जाते खरे, परंतु प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि पत्त्याच्या या भागाला दोनशेची मर्यादा असल्यामुळे जवळपास बाविसाव्या चिन्हाला तो मध्येच कापला जातो. म्हणजे तिथेही रोमन पत्ता हाताने लिहिणेच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट टायपिंगची. आपल्या लेखांपैकी काही मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकांत करून घेतलेला असेल, तर शोधयंत्राच्या दृष्टीने तो मराठी नसून रोमन अक्षरांची खिचडी असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतरित करून, जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालूनच टाकावा. युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सातमाळ्याच्या डोंगरातले खोरे आणि खोऱ्यातले गाव’ असे किल्ल्यांवर लिहिताना अर्धा र सतत लागतो, आणि तो दोन निरनिराळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटू शकतात, आणि वाचकाने पानातच ‘पायऱ्या’ शोधले तर अर्धी स्थळे निसटतात. एकच कळफलक धरून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. माझी पसंती इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाला आहे, पण सवय असेल तो चालेल.

तिसरी गोष्ट मांडणीची. बहुतेक तयार थीम (पानांच्या रूपाचे साचे) इंग्रजीसाठी आखलेल्या असतात आणि त्यांत मथळ्यांच्या अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलेले असते. रोमन लिपीत ते ठीक दिसते, पण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि मथळा दात पडल्यासारखा दिसतो. हे अंतर शून्य करावे. तिरकी अक्षरे टाळावीत, टंक थोडा मोठा ठेवावा, आणि ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा सैल, म्हणजे अक्षरांच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे, कारण आपल्या मात्रा आणि वेलांट्या वर जातात आणि उकार खाली येतात. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे मोफत टंक उत्तम आहेत. सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडायला विसरू नये. ती तशीच इंग्रजी राहिली तर दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली गोंधळू शकते, आणि ज्या टंकांत मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र दिलेले असतात तेही हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात.

छायाचित्रांच्या बाबतीत किल्ल्यांवर लिहिणाऱ्यांचा हात सैल असतो, हे मी आपला ब्लॉग न पाहताही सांगू शकतो. फोनमधील एक छायाचित्र तीन ते पाच एमबीचे असते. अशी वीस छायाचित्रे घातलेले पान सुरगाण्यातल्या कमी रेंजच्या फोनवर कोण उघडणार? रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणून प्रत्येक छायाचित्र दोनशे केबीच्या आत बसवावे. स्क्वूश नावाचे मोफत साधन हे काम ब्राउझरमध्येच करून देते. प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याऐवजी वाचता येणारे वर्णन, द्यावा, आणि तो ‘फोटो ३’ असा नको. ‘हरिहर किल्ल्याच्या कातळातील उभ्या पायऱ्या, खालून’ असा हवा. दुसऱ्याची छायाचित्रे गूगलवरून उचलून लावू नयेत, खाली ‘साभार’ लिहिले तरी ती परवानगी होत नाही.

मजकुराबद्दल मला सर्वात जास्त सांगायचे आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, तो महाराष्ट्रातील सर्वात उंच किल्ला आहे, १६७२ मध्ये तिथे मराठे आणि मोगल यांची मोठी लढाई झाली आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, हे सगळे शेकडो ठिकाणी लिहिलेले आहे. आपण तेच पुन्हा लिहिले तर शोधात आपले पान वर येण्याचे काही कारण नाही. परंतु सटाण्याहून पायथ्याला जाणारी बस किती वाजता असते, टाक्यांतले पाणी मार्चमध्ये पिण्याजोगे असते का, मुक्कामाला गुहा कोणती कोरडी राहते, पायथ्याच्या गावात जेवणाची सोय आधी सांगून होते की आयत्या वेळी, ही माहिती मराठीत एका जागी क्वचित मिळते, आणि जाणारा माणूस नेमके हेच शोधत असतो. ही माहिती बदलत राहते. बसच्या वेळा बदलतात, पावसाळ्यात गर्दीच्या किल्ल्यांवर प्रशासनाचे निर्बंध येतात आणि उठतात. म्हणून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘माहिती शेवटची तपासली’ असे लिहून महिना आणि वर्ष द्यावे आणि दर मोसमात निवडक लेख पुन्हा तपासावेत. जुने पान सुधारले की त्याचा पत्ता तोच ठेवावा, ‘साल्हेर भाग २’ असे नवे पान काढू नये.

कुठले पान आधी सुधारावे हे ठरवायला आपली पाने शोधात कशी दिसतात ते सांगणारे गूगलचे सर्च कन्सोल हे साधन वापरावे. ते मोफत आहे, त्यात आपले संकेतस्थळ नोंदवून साइटमॅप (पानांची यादी) द्यायचा, आणि काही आठवड्यांनी लोक कोणते शब्द लिहिल्यावर आपले पान त्यांना दाखवले गेले याची यादी दिसू लागते. लोकांनी ज्या शब्दांत विचारले आहे ते शब्द आपल्या शीर्षकात नसतील, तर शीर्षक बदलावे. ‘सह्याद्रीच्या कुशीतली एक अविस्मरणीय पहाट’ हे शीर्षक कोणी शोधत नाही. ‘साल्हेर-सालोटा: मुक्काम, पाणी आणि वाट’ असे शोधतात. काव्य लेखाच्या आत हवे तेवढे करावे. लेखांची विभागणी तारखेनुसार न ठेवता बागलाण, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, सिन्नर अशी तालुक्यानुसार करावी, म्हणजे अंजनेरी पाहायला आलेला वाचक हरिहरच्या पानावरही जाईल.

इतिहासासाठी १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथ) मुक्तपणे उद्धृत करता येते. अलीकडच्या पुस्तकांच्या बाबतीत तसे नाही, कारण आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. तिथून दोन-चार ओळी संदर्भ देऊन घ्याव्यात, पाने उतरवू नयेत. आणि महिन्यातून एकदा सेटिंगमधून सर्व लेखांचा बॅकअप उतरवून घेऊन तो संगणकाबाहेरही ठेवावा.

मिळकतीबद्दल: गूगलच्या ॲडसेन्स सेवेच्या जाहिराती मराठी पानांवर लावता येतात, पण थोड्या वाचकांवर त्यातून डोमेनचा खर्च निघाला तरी पुष्कळ, आणि जाहिरातींनी पान जड होते ते वेगळेच. पहिली दोन वर्षे तो विचार बाजूला ठेवावा. दरम्यान संपर्काच्या पानावर फोन नंबर न देता एक वेगळा ईमेल द्यावा. गावांतील लोक चुका कळवतात, कधी जुनी छायाचित्रे पाठवतात, आणि ती कोणाची आहेत हे विचारूनच वापरावीत.