संकल्पातलं परार्ध आणि गणितातलं परार्ध

साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी 'अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे' म्हणतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, असं आम्ही पाठ केलेलं. मग इथे दोनावर सतरा शून्यं घ्यायची का?"

नाही. संकल्पातला शब्द काळाचा आहे. ब्रह्मदेवाचं शंभर वर्षांचं आयुष्य म्हणजे 'पर' आणि त्याचा अर्धा भाग ते परार्ध. पन्नास वर्षं सरली, एक्कावन्नावं चालू आहे, म्हणून 'दुसऱ्या परार्धात'. 'द्वितीये' हा शब्दच इथे निकाल देतो, कारण अर्धे दोनच असतात. मानवी वर्षांत हा अर्धा भाग 15,55,20,00,00,00,000 वर्षांचा होतो. एकावर सतरा शून्यं ही संख्या याच्या सुमारे 643 पट मोठी आहे.

पाठ केलेलं परार्ध भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं. एक, दश, शत असं दसपटीने चढत खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि अठराव्या स्थानी परार्ध. 'अंत्य' झाल्यावर 'मध्य' का, असं कुणालाही वाटेल. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत क्रम सरळ आहे, आधी मध्य, मग अंत, मग परार्ध. पण तिथली यादी तेराच नावांची, त्यामुळे तिथलं परार्ध एकावर बारा शून्यं एवढंच भरतं. लीलावतीत तेवढ्याला महापद्म म्हणतात. जुना मजकूर वाचताना हा फरक विसरला तर हिशेब लाख पटीने चुकतो.

लीलावतीतलं परार्ध केवढं, ते आपल्या कोयनेवरून पाहू. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे जवळपास तीन महापद्म लिटर. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर काठोकाठ भरलेल्या कोयनेत सुमारे सहा मध्य थेंब होतात. एवढ्या पाण्यातही परार्धभर थेंब नाहीत!

या संख्येचं मला सर्वांत आवडतं ते तिचं वर्गमूळ. 'मध्य'चं वर्गमूळ बरोब्बर एक अर्बुद, म्हणजे दहा कोटी. परार्धाचं मात्र 31,62,27,766 आणि पुढे न संपणारा अपूर्णांक, कारण सतरा शून्यं दोन सारख्या भागांत वाटता येत नाहीत. मूळ अवयव दोनच, 2 आणि 5, प्रत्येकी सतरा वेळा. प्रत्येक अवयव शून्यापासून सतरापर्यंत कितीही वेळा घेता येतो, म्हणून विभाजक 18 गुणिले 18, म्हणजे 324.

लिहिताना 'परार्ध' संख्या म्हणून वापरायचं असेल, तर शेजारी आकडा द्यावाच.