हायब्रिड सायकलचं सपाट हँडल काढून ड्रॉप बार लावावा का?

तुम्ही लिहिलंय की सायकल हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली आहे, ब्रेक व्ही-ब्रेक, म्हणजे दोन लांब दांड्यांनी रिम दाबणारे, आणि हँडल सरळ सपाट. रविवारी मुळशीमार्गे ताम्हिणीपर्यंत जाता, मध्ये खडीचे आणि उखडलेल्या रस्त्याचे पट्टे लागतात आणि साठेक किलोमीटरनंतर करंगळी बधिर होते. ड्रॉप बार (रेसिंग सायकलसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं हँडल) लावू, बटरफ्लाय (फुलपाखराच्या पंखांसारखं गोल वळसा घेतलेलं) घेऊ की टोकं मागे वळलेलं हँडल, असा प्रश्न आहे.

ड्रॉप लावू नका. मी लावून बसलो होतो.

गंमत अशी की दुकानात सगळं जुळतं. स्टेममध्ये, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड दांडीत, धरला जाणारा मधला भाग दोन्ही हँडलांना बहुतेक वेळा 31.8 मिमीच असतो, त्यामुळे हँडल पाच मिनिटांत बसतं आणि आपण खूश होतो. मग कळतं की मुठीजवळची नळी सपाट हँडलला 22.2 मिमी असते आणि ड्रॉपला 23.8, म्हणजे जुने ब्रेक आणि गिअरचे लिव्हर त्यावर चढतच नाहीत. हँडल स्वस्त, पण त्यामागून येणारे लिव्हर महाग. तेही घेतले. तरी खरी अडचण पुढेच होती: रोड सायकलचा लिव्हर केबल कमी ओढतो, व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. घरासमोर फेरी मारताना काही जाणवलं नाही. भोरहून निघून वरंधा घाट महाडच्या बाजूला उतरताना लिव्हर हँडलला टेकायला लागला आणि सायकल मात्र हवी तशी थांबेना. एका टपरीशी कशीबशी थांबलो, चहा घेतला, केबल ताणून घेतली आणि उरलेला घाट बराचसा पायी उतरलो. दोष कुणाचा नाही, मीच न विचारता सुटे भाग गोळा केले होते. केबलची ओढ वाढवणारी छोटी चाकं मिळतात, छोट्या दांड्यांचे व्ही-ब्रेकही मिळतात, पण तिथवर गेलात तर सायकलच्या किमतीचा हिशोब एकदा कागदावर मांडा.

शिवाय हायब्रिडची वरची दांडी मुळात लांब असते, कारण ती सपाट हँडल गृहीत धरून बनवलेली असते. ड्रॉपमध्ये हात जिथे ठेवायचे ते हूड, म्हणजे ब्रेक लिव्हरचा रबर चढवलेला वरचा भाग, आणखी पुढे जातात. माझी करंगळी सुधारली आणि मान धरली. मग स्टेम आखूड केला, तर चढावर समोरचं चाक उगाच डावीउजवीकडे भिरभिरायला लागलं.

आता करंगळीकडे येऊ. करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने, मनगटाशी जवळ जाते. सपाट हँडलवर तासन् तास एकाच जागी वजन पडलं की ती दबते. पण वजन हातावर का पडतंय, हे आधी बघा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला थोपवता. टायरमध्ये हवा दगडासारखी असेल तर खडीचा प्रत्येक धक्का थेट तळव्यात येतो. मी 72 किलोचा, 35 मिमीच्या टायरमध्ये पूर्वी 80 पीएसआय भरायचो. आता 45-50 भरतो आणि खरं सांगू, हँडल बदलून पडला नव्हता एवढा फरक तेवढ्याने पडला. ब्रेकचे लिव्हर आडवे असतील तर थोडे खाली वळवा, म्हणजे मनगट वर मुडपणार नाही. हे सगळं फुकट आहे.

एवढं करूनही त्रास राहिला तर मी मागे वळलेलं हँडल घेईन. उभे राहा आणि हात सैल सोडा. तळवे मांड्यांकडे वळतात ना? सपाट हँडल त्यांना जबरदस्तीने जमिनीकडे वळवतं. साध्या सपाट हँडलला मागे वळण पाच ते नऊ अंशांचं असतं. जास्त वळलेल्यांना तीस-पस्तीसपासून पंचेचाळीसपर्यंत. सर्ली मोलोको 34 अंशांचं, जोन्सचं एच-बार 45 अंशांचं. ह्या दोन्हींना पुढे आणखी एक आडवी जागा असते, म्हणजे समोरून वारा आला की तिथे हात नेता येतात. आणि मुख्य म्हणजे नळी 22.2 चीच, तुमचे आत्ताचेच लिव्हर बसतात. तोटा आहेच: हात काही सेंटिमीटर मागे येतात, वजन मागच्या चाकावर जातं आणि सिंहगडासारख्या उभ्या चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. स्टेम थोडा लांब घेतला की बरंच आवरतं.

बटरफ्लायवर माझा फारसा जीव नाही. लिव्हर त्यावरही बसतात, हात ठेवायला जागा भरपूर, पण पुढच्या जागांवर ब्रेक नसतो आणि खडीवर ते लवलवतं. गावाबाहेरच्या सपाट, लांब रस्त्याला ठीक.

ड्रॉप वाईट आहे असं मात्र समजू नका. पुढेमागे ग्रॅव्हल सायकल (खडीच्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची) घेतलीत, तर खालचा भाग बाहेर फाकलेलाच ड्रॉप घ्या. साल्सा काउबेल 12 अंश फाकलेलं आहे, काउचिपर 24. खाली धरलं की हात रुंद होतात, मूठ वळणाच्या आत अडकते, त्यामुळे उतारावर खड्ड्याने हात निसटत नाही आणि दोन बोटांत ब्रेक पुरतो. 200 किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ हातांच्या तीन-चार जागा बदलता येणं ही चैन नाही, गरज असते.

रुंदीचंही बघा. माउंटन सायकलची 780 मिमीची हँडलं खडीवर छान स्थिर वाटतात, पण लक्ष्मी रोडवर रिक्षांच्या मधून काढून दाखवा. मला 660 पुरतं. कापायची घाई करू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर आत सरकवून दोन रविवार चालवा. कापलेलं परत जोडता येत नाही.

आणि सगळ्याआधी बारएंड, म्हणजे हँडलला लावायच्या शिंगांसारख्या छोट्या दांड्या, लावून बघा, ग्रिपच्या आतल्या बाजूला. दिसायला विचित्र, पण हात आडवेऐवजी उभे धरायला जागा मिळते. तिथून ब्रेक दूर पडतो, म्हणून फक्त चढावर आणि सरळ रस्त्यावर वापरा. त्याने बधिरपणा निम्मा कमी झाला तर वळलेलं हँडल तुम्हाला नक्की मानवेल. स्टेमची लांबी आणि टायरची रुंदी कळवलीत तर किती अंशांचं घ्यावं ते सांगतो.