क्लेम भरला नाही आणि रिझोल्यूशन प्लॅन मंजूर झाला, तर जुनी उधारी बुडते का?

तुमचा प्रश्न असा: ज्या कंपनीला माल दिला ती एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) गेल्याचं कळलंच नाही, क्लेम (येण्याचा दावा) राहिला, प्लॅन (कंपनी कोण घेणार आणि कोणाला किती देणार याचा आराखडा) मंजूर झाला, आता नवा मालक म्हणतो जुन्या बिलांशी माझा संबंध नाही.

तो बरोबर बोलतोय. एनसीएलटीने प्लॅन मंजूर केला की दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम ३१ प्रमाणे तो सगळ्यांना बांधतो आणि त्यात नसलेली जुनी येणी संपतात. घनश्याम मिश्रा प्रकरणात (१३ एप्रिल २०२१) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, सरकारी थकबाकीही त्यातून सुटली नाही. एमएसएमई कौन्सिलचा (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या परिषदेचा) अवॉर्ड, म्हणजे निवाडा, हातात असला तरी भरवसा ठेवू नका. इलेक्ट्रोस्टील विरुद्ध इस्पात कॅरियर (२०२५) मध्ये प्लॅननंतर मिळालेला असा अवॉर्ड वसुलीच्या वेळी रद्दबातल ठरला.

पण ‘ऑपरेशनल क्रेडिटरला (माल-सेवा देऊन पैसे अडकलेल्याला) तसंही काही मिळत नाही, फॉर्म कशाला भरायचा?’ हा सल्ला देणाऱ्या सल्लागारांशी माझं कधीच पटलं नाही. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चरकडे लवादाचा अवॉर्ड होता, पण क्लेम २८७ दिवस उशिरा आला, तोवर सीओसीने (कर्ज देणाऱ्यांच्या समितीने) प्लॅन मंजूर केला होता. एनसीएलटीची मंजुरी बाकी होती, तरी ११ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं. जाहीर सूचना पाहिली नाही ही सबब व्यावसायिक कंपनीकडून ऐकून घेतली नाही. उलट ग्रेटर नोएडा प्राधिकरणाने ४३ कोटींहून अधिक रकमेचा क्लेम फायनान्शियल क्रेडिटर (कर्ज देणारा) म्हणून भरला. आरपीने (प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलने) फॉर्म बी, म्हणजे ऑपरेशनल क्रेडिटरचा क्लेम फॉर्म, मागितला, तो दिलाच नाही, आणि प्लॅनमध्ये ‘क्लेम आला नाही’ असं लिहिलं गेलं. १२ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने मंजूर झालेला प्लॅनच रद्द करून परत पाठवला. क्लेम चुकीच्या फॉर्मवर होता, पण आरपीच्या टेबलावर पोचला होता! प्लॅनमध्ये शून्य मिळालं तरी भांडायला पाय टेकायची जागा भरलेल्या क्लेमनेच मिळते.

आणि फॉर्म बीला फी नाही. बिलं, चलन, लेजर, पैसे जमा न झाल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट, जीएसटीआर-१ व ३बीचे उतारे आणि लागू असेल तिथे ई-वे बिल जोडायचं. व्याज प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचंच. जाहिरात कंपनीच्या नोंदणीकृत व मुख्य कार्यालयाच्या भागातल्या पेपरात येते, म्हणून कोलकात्याच्या कंपनीची सूचना भोसरीत दिसेलच असं नाही. मोठ्या गिऱ्हाईकाचं पेमेंट अडकलं की आयबीबीआयच्या (दिवाळखोरी नियामक मंडळाच्या) संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. क्लेमची मूळ मुदत आयआरपीच्या (सुरुवातीच्या हंगामी आरपीच्या) नेमणुकीपासून १४ दिवस. ती चुकली तर प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा प्लॅन मागवल्याची तारीख, यांतली जी नंतरची ती. त्यानंतर उशिराचं कारण देऊन क्लेम द्यायचा, माफी एनसीएलटीकडून मिळवावी लागते.

तुमच्यासाठी आता एवढंच उरतं. एनसीएलटीच्या आदेशाला ३० दिवस झाले नसतील तर एनसीएलएटीत (एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणात) अपील (आणखी १५ दिवस सबळ कारण असेल तरच), तेही कलम ६१ मधल्या मोजक्या मुद्द्यांवर. तुम्हाला लेखी कळवणं आरपीचं काम होतं का, हे तपासा: कंपनीच्या वहीत तुमचं नाव आणि पत्ता असेल तर तो मुद्दा मांडता येतो, पण जिंकेलच असं नाही. बिलांच्या तारखा नीट पाहा. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेल्या मालाचे पैसे हा प्रक्रियेचा खर्च असतो, तो आधी फेडावा लागतो, त्यासाठी फॉर्म बी लागतच नाही. चेक बाउन्स झाला असेल तर सही करणारा संचालक प्लॅनमुळे सुटत नाही. मात्र नोटिशीनंतरचे १५ दिवस मोराटोरियमच्या (प्रक्रिया सुरू होताच कंपनीविरुद्धच्या दाव्यांवर व वसुलीवर लागणाऱ्या स्थगितीच्या) आधी संपलेले हवेत, नाहीतर विष्णू मित्तल निकाल (२०२५) आडवा येतो.

हे काहीच लागू नसेल तर रक्कम वहीत बुडीत म्हणून लिहून टाका, म्हणजे आयकरात वजावट मागता येईल. त्या बिलांवर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही.