कमी दिवसांचं बाळ, गप्प झालेली आई आणि मेंदूची वाढ

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण गोव्यात वाळपईला माहेरी आहे. बाळ 32 आठवड्यांचं जन्मलं, वजन 1500 ग्रॅम, महिनाभर काचेच्या पेटीत होतं. आज ते 7 आठवड्यांचं आणि 2300 ग्रॅमचं आहे. हसत नाही, नजर ठरत नाही. बहीण दूध पाजते, पण बोलत नाही, मधूनच रडते. घरचे म्हणतात उचलू नका, हाताची सवय लागेल. मेंदूची वाढ नीट व्हावी म्हणून कोणती खेळणी आणावीत?

खेळणी काहीच नकोत. आधी वय नीट मोजा. 32 अधिक 7 म्हणजे 39. दिवस भरले असते तर हे बाळ अजून पोटातच असतं! बाळ ओळखून हसतं ते अपेक्षित तारखेनंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, म्हणजे तुमच्या घरच्या कॅलेंडरप्रमाणे ते 14 ते 16 आठवड्यांचं होईल तेव्हा. आज ते हसत नाही यात काही बिघडलेलं नाही. दोन वर्षांपर्यंत मान, बसणं, बोलणं सगळं या सुधारित, म्हणजे अपेक्षित तारखेपासून धरलेल्या वयावरच मोजायचं. शेजारच्या बाळाशी तुलना नको, बहिणीच्या कानावर तर नकोच.

तरी काळजी घ्यायला हवी. गर्भातल्या शेवटच्या दोन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. 34 आठवड्यांनाही त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशच असतं. ही वाढ तुमच्या बाळाच्या बाबतीत दिव्यांच्या उजेडात, यंत्रांच्या आवाजात, सुया टोचून घेत झाली. त्यावरचा सर्वात पक्का उपाय आईची छाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सांगितलं की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या छातीला अंगाशी अंग लावून, दिवसाला 8 ते 24 तास ठेवावं. तुमचं बाळ 2500 ग्रॅमच्या खाली आहे, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, हे सगळ्यांनी एकदा नीट बघून घ्या. वरून मऊ लुगड्याचा पट्टा बांधा, त्याची कड कानाच्या खाली. एका वेळी निदान तासभर, कारण बाळाची झोप पूर्ण व्हायला तेवढा वेळ लागतो. दहा मिनिटांनी उचलून ठेवलं की झोप मोडते. बाळाचे वडील, आजी, तुम्हीही हे करू शकता. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा टोपी दमट नाही ना एवढं बघा. हाताच्या सवयीचं म्हणाल तर या वयात ती लागत नाही. रडल्यावर कोणी घेतं, एवढंच बाळ शिकतं, आणि त्याच्या अंगातला ताण उतरतो.

जागं असताना काय करायचं? दूध प्याल्यावर दोन-पाच मिनिटं डोळे उघडे, हातपाय शांत असतात, तीच वेळ. चेहरा वीतभर अंतरावर, 20 ते 30 सेंटिमीटर. हळू आवाजात एक वाक्य, मग मनात दहापर्यंत मोजत थांबा. बाळ भुवई उचलेल, तोंड हलवेल. तेच परत करून दाखवा. चूक होते ती न थांबण्यात. आपण बोलतच राहतो, वर खुळखुळा, वर हलवणं. बाळाने नजर वळवली, बोटं ताणून पसरली, उचकी लागली, अंगावर ठिपके उठले, तर ते 'पुरे' म्हणतंय. लगेच गप्प व्हा. मोबाईलवरची बडबडगीतं बंदच ठेवा, ती बाळाकडे बघून थांबत नाहीत. कोंकणी, मराठी, घरात जी तोंडात येते ती भाषा बोला. इंग्रजीसाठी धडपडू नका. अंघोळीला बाई येत असेल तर डोकं दाबणं, नाकाकानात तेल आणि धुरी यांना ठाम नकार द्या. हलक्या हाताने खोबरेल चालेल.

आता बहीण. मला बाळापेक्षा तिची काळजी जास्त वाटते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच अभ्यासात बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात अशा आयांच्या बाळांचं सहा महिन्यांचं वजन, लांबी आणि मानसिक वाढही मागे दिसली. आईचं प्रेम कमी असतं असं नव्हे. खचलेल्या माणसाला बाळाच्या हालचालीला उत्तर द्यायला जीवच उरत नाही, आणि मेंदूतल्या जोडण्या त्या उत्तरांवरच पक्क्या होतात. जमैकात 1986-87 साली वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला घरच्या वस्तूंनी खेळायला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. ज्यांना नुसता दुधाचा पूरक आहार मिळाला, त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही.

म्हणून घरातलं काम उलटं वाटा. आज बहुतेक आजी बाळाला घेते आणि आई फक्त पाजायला. आजीने स्वयंपाक, कपडे, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणं घ्यावं. बाळ आईच्या छातीवर. रात्री एक दूध पिळून ठेवलेलं वाटी-चमच्याने दुसऱ्याने पाजावं, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप लागेल. "असं धर, तसं नको" म्हणू नका. "बघ, तुझा आवाज ऐकून गप्प झाला" असं, घडलं त्या क्षणी सांगा. हे वाक्य दिवसातून चार-पाचदा तिच्या कानावर जाऊ द्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त रडू, झोप न येणं, मन कशात नसणं चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा; अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर कुठल्याही वेळी लागतो. जीव नकोसा झाल्याचं एकदा जरी बोलली तरी एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या.

एक तातडीचं राहिलं. 34 आठवड्यांआधीच्या किंवा 2 किलोखालच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हावी लागते, आणि कानांचीही. डिस्चार्ज कार्डावर दोन्हींची नोंद आहे का ते आजच बघा. नसेल तर उद्या सकाळी बाळाला घेऊन निघा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.