मार्बल कटर उलटा करून टेबलाखाली कसू नका, भाऊ

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुरे कमी झाल्यावर कोठा रिकामा पडला आहे, त्यात घरच्या घरी लाकूडकाम सुरू करायचे आहे. जुन्या घराचे सागवान निघाले आहे, त्यातून तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांसाठी नंदी करायचे आहेत. फरशीच्या कामातला चार इंची मार्बल कटर घरात आहेच. त्याला लाकडाचे पाते लावून प्लायच्या टेबलाखाली उलटा कसायचा, स्विच टेपने दाबून ठेवायचा आणि फळ्या चिरायच्या. व्हिडिओत सगळेच असे करतात, तर काळजी काय घ्यावी?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. हे टेबल करूच नका. हातमोजे, चष्मा, सावधपणा, काहीही जोडले तरी त्या टेबलाचा मूळ दोष जात नाही. नंदी मात्र होतील, त्याच लाकडातून आणि कमी खर्चात.

मार्बल कटर फरशीसाठी बनलेला आहे. त्याच्या डायमंड पात्याला दात नसतात, ते फरशी घासत पुढे जाते. लाकडाच्या पात्याचा दात लाकडात रुततो, आणि रुतलेला दात लाकूड ओढतो. मशीनचा वेग मात्र तोच राहतो, मिनिटाला 12,000 ते 13,000 फेरे. 110 मिलिमीटरचे पाते 13,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे 75 मीटर पडतो, म्हणजे ताशी 270 किलोमीटर. म्हणून पात्यावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि मशीनच्या पाटीवरचा आरपीएम ताडून पाहायचे असतात. पात्याचा आकडा कमी असेल किंवा छापलेलाच नसेल तर ते पाते घेऊ नका. ग्राइंडरला लाकडाचे पाते लावण्याबद्दल तर बोलतच नाही. त्याला लाकडावर टेकायला बूड नसते आणि काप सरळ ठेवायला आधार नसतो. गावोगावी ते चालू आहे, म्हणून ते बरोबर होत नाही.

आता गार्ड पाहा. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून स्प्रिंगचे गार्ड असते. मशीन उचलली की ते टपकन पात्यावर येऊन बसते. मार्बल कटरचे गार्ड पक्के असते, खालचा भाग कायम उघडा. काप संपला, बटण सोडले, तरी पाते काही सेकंद फिरतच राहते. तेवढ्यात कोणी मशीन खाली ठेवली की दात जमिनीला लागतात आणि मशीन स्वतःहून सरकत सुटते, बहुतेक वेळा ठेवणाऱ्याच्याच पायाकडे. उलटा कसल्यावर हाच उघडा भाग टेबलाच्या वर येतो आणि तुमची बोटे त्याच्या दिशेने जाऊ लागतात. स्विच टेपखाली, टेबलाच्या पोटात. बंद करायचे तर वाकून हात खाली घालायचा, म्हणजे नेमक्या अडचणीच्या क्षणी तोंड पात्याच्या पातळीत आणायचे.

आणि खरी भीती बोट पात्याला लागण्याच्याही आधीची आहे. आपल्याकडचे वाढई मोठे लाकूड हातकरवतीने चिरताना कापात पाचर ठोकत जातात, ते तुम्ही पाहिलेच असेल. लाकडात ताण दबलेला असतो. चिरत गेले की काप मागून मिटायला लागतो, पाचर तो उघडा ठेवते. बाभळीत हे डोळ्यांना दिसते: हातभर चिरले की मागची फट इतकी मिटते की पोस्टकार्डही जाणार नाही. कारखान्यात बनलेल्या टेबल सॉमध्ये पात्याच्या पाठीशी एक पोलादी पट्टी उभी असते, तिचे काम या पाचरीचेच. घरगुती उलट्या टेबलात ती नसते. मग मिटलेला काप पात्याला मागून चिमटतो. पात्याचे मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलतात, आणि वरचे दात तुमच्या दिशेने फिरत असल्याने फळी तुमच्याच पोटावर येते. फळी निसटली की तिला दाबून धरणारा हात तोल जाऊन पुढे पात्यावर पडतो. हे सगळे पापणी लवायच्या आत होते. तिथे चपळाई कामाची नाही.

म्हणून पहिली गोष्ट, उभी चिराई स्वतः करूच नका. तालुक्याच्या आरा मशीनवर म्याल (जुन्या घराच्या तुळया) नेऊन एक इंच, दीड इंच अशा फळ्या पाडून आणा. त्यांच्याकडे मोठा पट्टा आरा असतो, रोजची सवय असते. फक्त जुन्या लाकडात खिळे असतील तर ते हात लावणार नाहीत, आणि बरोबरच आहे. जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून फळीवरून हळूहळू फिरवा. आत तुटून राहिलेला खिळाही त्याला ओढ देतो. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा, पटाशीने उकरून पकडीने काढा. पितळी खिळा चुंबकाला लागत नाही, तेव्हा गोल काळसर डाग दिसला की तिथेही उकरून पाहा. पात्याचा कार्बाइडचा (कडक मिश्रधातूचा) दात खिळ्यावर फुटला की तो तुकडा डोळ्याच्या उंचीवर उडतो.

फळ्या आल्यावर उरते आडवे कापणे आणि वळणे काढणे. आडव्या कापांसाठी सात इंची, म्हणजे 185 मिलिमीटरची सर्क्युलर सॉ घ्या. तिचे फेरे साधारण 5,000, पात्याला भोवती चालते गार्ड. दातांचे म्हणाल तर 24 दाती पाते उभ्या कामाला, 40 दाती आडव्या कामाला आणि प्लायला. सागवानात वाळूसारखे सिलिका असते, साध्या पोलादी पात्याची धार ते लवकर मारते, म्हणून कार्बाइडच्या दाताचेच घ्या. बोथट पाते जास्त धोक्याचे, कारण मग माणूस जोर लावतो.

या मशीनचा सगळा सुरक्षितपणा एका गोष्टीत आहे: लाकूड बांधलेले, मशीन चालती, दोन्ही हात मशीनवर. फळी दोन ठिकाणी क्लॅम्पने घोडीवर (लाकूड ठेवायच्या स्टँडवर) आवळा. वर सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि मशीनचे बूड तिला लावून चालवा. पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरच जास्त ठेवा. पूर्ण पाते खाली सोडून कापणारे दिसतात, त्यात फायदा काही नाही, फक्त उघडे दात वाढतात. फळी दोन टोकांना टेकवून मधोमध कधीच कापू नका. काप होत आला की ती मध्ये खचते, पाते चिमटते आणि मशीन मागे उसळते. कापायचा तुकडा मोकळा खाली पडेल असा घोडीच्या बाहेर ठेवा. मोठा तुकडा असेल तर खाली जुन्या प्लायचा एक तुकडा पसरून त्यावरच पूर्ण फळी टेकवा, पाते त्या प्लायमध्ये थोडे उतरले तरी चालते. कापाच्या रेषेच्या थोडे बाजूला उभे राहून मशीन चालवा. पाते अडकले तर ओढाताण नाही, बटण सोडा, थांबू द्या, मग मागे घ्या. आणि स्प्रिंगचे गार्ड भुशाने अडकते, तेव्हा प्लग काढून ब्रशने साफ करा. खिळा किंवा काडी घालून ते वर बांधून ठेवणारा माणूस दिसला तर त्याच्यापासून चार हात लांब उभे राहा.

नंदीच्या बारीक कामाबद्दल. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावच्या तान्ह्या पोळ्यातले मोठमोठे नंदी पाहून सगळ्यांनाच उत्साह येतो, पण घरचे नंदी लहान असतात आणि लहान तुकडेच जास्त घात करतात. हाताच्या पंज्यापेक्षा लहान तुकडा पॉवर सॉखाली नेऊ नका. आधी लांब फळीवर दोन-तीन पायांचे आकार काढा, वळणे जिगसॉने (वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या मशीनने) कापा, शेवटी तुकडे हातकरवतीने सोडवा. जिगसॉचे बूड फळीवर दाबून ठेवायचे, आणि खालून बाहेर येणारे पाते फळीखालच्या हाताला लागते हे कायम लक्षात ठेवायचे. मान आणि वशिंड यांची गोलाई तर कानस आणि पॉलिश पेपरनेच चांगली येते.

चाकांसाठी बरेच जण फांदीचे गोल चकते पाडतात. दोन कारणांनी नको. गोल लाकूड पात्याखाली फिरते आणि पात्याला गुंडाळून घेतल्यासारखे वर येते. दुसरे, फांदीचा आडवा चकता सुकताना मधून बाहेरपर्यंत तडकतो, आपल्या उन्हात तर हमखास. फळीतूनच होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) चाके काढा, फळी क्लॅम्पने आवळून, ड्रिलला बाजूचा दांडा लावून. होल सॉ अडकली की ड्रिल मनगट पिरगळते, म्हणून वेग कमी ठेवा. अर्धे एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने पाडले तर कडाही फाटत नाही.

आता जे शहरातली माणसे सांगत नाहीत ते. आपल्याकडे लाईट जाते. आणि पोळ्याच्या आधीचे दिवस म्हणजे भर पावसाचे, दिवसात चार वेळा जाणार. लाईट गेली की माणूस मशीन तशीच ठेवून चहाला जातो, स्विच चालूच राहतो. अर्ध्या तासाने लाईट येते आणि रिकाम्या कोठ्यात किंवा पोरांच्या गराड्यात मशीन आपोआप सुरू होते. तुम्ही टेपने दाबलेल्या स्विचचे टेबल करणार होता, त्यात तर हे ठरलेलेच होते. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, लाईट गेली की स्टार्टर पडतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. तसाच स्विच कार्यशाळेच्या बोर्डावर बसवून घ्या, वीजकाम करणाऱ्याला 'सिंगल फेज, नो-व्होल्ट रिलीज' एवढे सांगितले की कळते. पंपाला आपण रात्री उठायला नको म्हणून ऑटो (लाईट आली की आपोआप चालू करणारा स्विच) लावतो, करवतीच्या बोर्डाला ऑटो चुकूनही नको. तोपर्यंत सवय हीच: लाईट गेली, बटण सोडा, प्लग काढा. पाते बदलतानाही प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा.

व्होल्टेजही पाहा. गावाच्या फिडरवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर, सगळ्यांचे पंप चालू झाले की घरात ते 180 व्होल्टवर येते. मशीनचा जोर घटतो, पाते कापात रखडते, माणूस ढकलतो आणि उसळी येते. आवाज जड वाटला की काम थांबवा. एक्स्टेन्शनची बारीक वायर हे आणखी वाढवते. 1,400 वॉटची मशीन 230 व्होल्टला सुमारे 6 अँपिअर ओढते, म्हणून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि गुंडाळीवरची पूर्ण सोडून वापरा, गुंडाळीत ती तापते. ओल्या कोठ्यात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) हवीच. एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) वायर वाचवते, माणसाला वाचवणारी आरसीसीबी. शेणा-मातीची जमीन ओली असेल तर खाली कोरडी फळी टाका.

कपड्यांचे म्हणाल तर मानेभोवतीचा दुपट्टा काढून खुंटीला लावा. ऊन असो वा घाम, फिरत्या पात्याजवळ दुपट्टा नको, सैल बाही नको, हातातला गंडादोरा आत खोचा. हातमोजेही नकोत, दात धागा पकडतो आणि हात आत ओढतो. पायात स्लीपर नको, बंद बूट. चष्मा बाजूंनी बंद असलेला घ्या. कापसाच्या देशात राहून कानात कापूस कोंबायची सवय आपल्याला आहे, पण त्याने आवाज थांबत नाही, इअरमफ किंवा फोमचे बोळे वापरा. सागवानाची भुकटी कातडीला खाज आणते आणि लाकडाची धूळ कर्करोगाशी जोडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती 1995 सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, टाकली. रुमालाने बारीक धूळ अडत नाही, एन95 मास्क लावा आणि कोठ्याची दोन्ही दारे उघडी ठेवा. भुसा रोज बाहेर काढा, बिडी तिथे नको.

पोरे नंदी पाहायला येणारच. त्यांना रंगकामाच्या दिवशी बोलवा. त्याआधी दाराला आडवा बांबू लावा, आणि काम संपल्यावर प्लग आणि पाते कुलपात.

आणि कापलेच तर. रक्त येते तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा, 108 ला फोन करा. बोट तुटून पडले असेल तर ते शोधा, धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने हलके धुवा, चोळू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवले तर पेशी मरतात. हळद, चहापत्ती, चुना काही लावू नका. बोट जोडण्याची सोय तालुक्याला नसते, तेव्हा 108 वाल्यांना फोनवरच 'बोट तुटले आहे, सोबत आहे' असे सांगा, म्हणजे ते थेट मोठ्या शहराकडे वळवायचे का ते ठरवतील. बोट जोडायला तासच मोजके असतात आणि आपल्याकडून नागपूर-अमरावती जवळ नाही. कोठ्याच्या भिंतीवर हे चार ओळींत लिहून ठेवा, घरच्यांनाही वाचून दाखवा, कारण त्या वेळी फोन करणारे तेच असतील.

आरा मशीनवरून फळ्या आल्या की त्यांची जाडी-रुंदी इथे टाका. नंदी किती इंची करायचा आहे तेही लिहा, चाकांसाठी कोणत्या मापाची होल सॉ घ्यायची ते सांगतो.